अळ्या मोजता, मग मधमाश्या का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हंगामात कृषी विभागाचा सल्ला मोबाइलवर वेळेवर येतो. कोणत्या अळीचा जोर आहे, पंपाला किती मिली औषध टाकायचे, सगळे त्यात असते. यामागे क्रॉपसॅप ही राज्याची कीड सर्वेक्षणाची योजना आहे. २००९-१० पासून ती चालू आहे आणि तिचा उपयोग होतो. मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारायची वेळ झाली, हे आता गावातले शाळकरी पोरही सांगते. माझे म्हणणे एवढेच, की नुकसान करणाऱ्याची अशी रात्रीनिशी नोंद होते आणि फुलाफुलांत पराग पोचवत वावरात फुकट राबणाऱ्या मधमाशीची कुठल्याच कागदावर होत नाही.

राबणे म्हणजे काय, हे कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर पाहावे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बरेच शेतकरी हे बियाणे करतात. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि ते फूल फळायला तयार होते नंतर. म्हणजे दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून दिल्याशिवाय बी नीट भरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोंडे फुलले की ऊन चढता चढता प्लॉट माश्यांनी नुसता घुमायचा. बांधावर उभे राहून बोलायचे तरी आवाज चढवावा लागे. आता त्याच वेळेला बाया दोन्ही हातांनी गोंडे हळूहळू चोळत ओळीने जाताना दिसतात. कुणी गुळाचे पाणी शिंपडतो, कुणी भाड्याने मधपेट्या आणून ठेवतो. एवढे करून मळणीत पोचट बी निघाले, की दोष हवामानाच्या माथी.

सोयाबीनला माशीची गरज पडत नाही, हे खरे. तूरसुद्धा बरीचशी आपल्या आपण धरते. तरीही तुरीवर येणारे पाहुणे पाहण्यासारखे असतात. काळा जाड भुंगा फुलावर बसला की फुलासकट फांदी वाकते. त्याच्या वजनाने खालची पाकळी उघडते आणि पराग त्याच्या पोटाला लागतो. दुसरी एक लहान माशी पायांवर नव्हे, पोटाखालच्या केसांवर पराग भरून नेते. घरासाठी ती गुलाबाच्या पानाचे गोल गोल तुकडे कापते. ते काप पाहून लोक तिलाच कीड समजतात आणि अंगणातल्या गुलाबावरही फवारा मारतात! नोव्हेंबरात पिवळ्याधमक तुरीच्या तासातून चालताना हे दोघेही सहज दिसत. आता थांबून शोधावे लागतात.

आमच्या म्हाताऱ्यांना जुने सगळेच भरपूर वाटते, हे मला मान्य आहे. आग्या मोहळ जागा बदलते, पाऊसकाळ मागेपुढे होतो, हेही खरे. पण किडेच एकूण कमी झाले म्हणावे, तर पांढरी माशी, फुलकिडे, बोंडअळी यांना काही धाड भरलेली नाही. २००२ साली बोंडअळीला आतूनच मारणारी बीटी कपाशी आली तेव्हा फवारणी संपली असे सांगत होते. बोंडअळीने त्या बियाण्याला दाद देणे कधीच सोडले आणि पंप पुन्हा पाठीवर आला.

शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी पहिली फवारणी तूर अर्धी फुलल्यावर सांगतात. शिफारस निंबोळी अर्काची असते. दुकानातून मात्र दोन-तीन औषधांचे मिश्रण हातात पडते आणि ते मारले जाते सकाळी आठ ते बारा. मजूर त्याच वेळेला मिळतो आणि माशीही त्याच वेळेला फुलावर असते. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या माहितीपत्रकात, मधमाश्या फिरत असताना फवारू नये, असे छापलेले असते. ते वाचायला भिंग लागते. युरोपने २०१८ मध्ये हे औषध उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता माणसे दगावली, तेव्हा कुठे आपल्याकडे हातमोजे आणि मास्कची चर्चा सुरू झाली. माशीचा विषय अजून निघायचाच आहे.

शिवाय तिने खावे काय? जवस गेली, करडी गेली, तीळ-सूर्यफूल नावापुरते उरले. सोयाबीन सोंगल्यावर हरभरा, आणि मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक. पूर्वी धुऱ्यावर कुर्डू आणि तरोटा माजलेला असे. तरोट्याच्या पानावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पण स्वच्छ धुरा म्हणजे हुशार शेतकरी, अशी एक समजूत होऊन बसली आहे, तिला औषध नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. कीड सर्वेक्षणाच्या तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा: फुलोऱ्यातल्या पिकावर दहा मिनिटांत किती माश्या, भुंगे, फुलपाखरे आली. सर्वेक्षणासाठी कृषी विभागाचे गावपातळीवरचे कर्मचारी शेतात जातातच. त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच आहे, म्हणून दुसरा मार्गही सुचवतो. कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी कृषिदूत म्हणून दरवर्षी गावोगाव राहायला येतात, रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करून फोटो काढून जातात. ही मोजणी त्यांच्याकडे द्यावी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने चार-पाच वर्षे हे आकडे एकत्र ठेवले, तर आमच्या आठवणी खऱ्या की खोट्या, तेही ठरून जाईल.

आणि तोवर मोबाइलवरच्या सल्ल्यात एक ओळ घालायला तर कुणाची परवानगी लागू नये: फुलोऱ्यात फवारणी टाळता येत नसेल, तर ऊन उतरल्यावर संध्याकाळी करावी. तूर यंदा महिनाभरात फुलेल. यंदाच्या मेसेजमध्ये ती ओळ आली तर बरे होईल.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. मेहकर, जि. बुलढाणा