बैलाला वशिंड असते, कुबड नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पोळ्याच्या पुरवणीत खिलार बैलाचे वर्णन करताना 'पाठीवरचे डौलदार कुबड' असे शब्द छापून आले आहेत. लेख आस्थेने लिहिलेला आहे, पण गुराढोरांत वाढलेल्या माणसाला हा शब्द खुपतो.

'कुबड' हा संस्कृत 'कुब्ज'च्या कुळातला शब्द. वाकलेपणा, शरीराचे व्यंग हा त्याचा अर्थ. बैलाच्या खांद्यावरचा उंचवटा व्यंग नसून स्नायू आणि चरबी यांनी घडलेला त्याचा हक्काचा अवयव आहे, आणि त्याला मराठीत 'वशिंड' हे स्वतःचे नाव आहे. संस्कृतात त्याला 'ककुद' म्हणतात. त्याच शब्दाचे शिखर, श्रेष्ठ आणि राजचिन्ह असेही अर्थ आहेत. घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या रामरक्षेत श्रीरामाला 'काकुत्स्थ' म्हटले आहे, ते त्याच्या ककुत्स्थ नावाच्या पूर्वजावरून. बैलाचे रूप घेतलेल्या इंद्राच्या वशिंडावर बसून हा राजा असुरांशी लढला, अशी पुराणांतली कथा आहे. ज्या अवयवावरून सूर्यवंशातल्या राजाला नाव मिळाले, त्याला कुबड कसे म्हणावे?

शेतकऱ्याच्या दृष्टीने तर सगळे औत तिथेच येऊन टेकते. जू बसते ते वशिंडाच्या पुढे, मानेवर. संकरित गोऱ्ह्याचे वशिंड बेताचे, म्हणून त्याच्या मानेवर जू नीट ठरत नाही, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला वडील गरम पाण्याने बैलाची मान शेकत, हळद आणि लोणी चोळत, आणि चोळता चोळता वशिंडापुढचा घट्टा अंगठ्याने दाबून खांदेसूज नाही ना, हे पाहत. दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड लागे आणि वशिंडावर हिंगुळाचा लाल रंग चढे.

आता बैलजोड्या कमी झाल्या, तशी जू, शिवळ (जुवाची खुंटी), वशिंड ही नावेही शहरातल्या मुलांच्या कानांवर पडेनाशी झाली आहेत. त्यांना ती वर्तमानपत्रातूनच कळणार असल्याने, यापुढे आपल्या पानांवर बैलाच्या बाबतीत 'वशिंड' हाच शब्द वापरावा आणि त्या लेखाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, आटपाडी (जि. सांगली)