‘योजना लागू’ या पाटीवर विभागही लिहा

माननीय संपादक,

आयुष्मान कार्ड हातात आले की घरोघरी पहिला प्रश्न निघतो तो हा, की आपल्या तालुक्यात हे कार्ड घेणारा फिजिशियन कोण? मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांसाठी लोकांना फिजिशियन, म्हणजे एमडी मेडिसिन झालेला डॉक्टरच हवा असतो. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींत रुग्णालय अंगीकृत (योजनेशी जोडलेले) असते, एकटा डॉक्टर नव्हे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे ते मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांना. डायलिसिस, केमोथेरपी असे काही उपचार रात्री न राहताही बसतात. दर महिन्याची तपासणी आणि साखरेच्या गोळ्या बसत नाहीत. कार्ड काढून देताना हे कोणी सांगत नाही आणि माणसे खासगी दवाखान्यांच्या दारातून परत फिरतात.

भरतीची वेळ आली तरी घोळ संपत नाही. एखादे रुग्णालय फक्त अस्थिरोग किंवा नेत्रविभागासाठी अंगीकृत असू शकते. दर्शनी पाटी मात्र ‘योजना लागू’ एवढीच. म्हणून योजनेच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडल्यावर रुग्णालयाच्या नावावर थांबू नये. ‘जनरल मेडिसिन’ हा विभाग निवडून यादी पाहावी, मग रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे: हा विभाग सध्या चालू आहे का, आणि हा उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव तर नाही ना? काही उपचार तसे राखीव आहेत. त्यांना खासगी रुग्णालयाने नकार दिला तर तो मनमानीचा नसतो, हेही लोकांना कळायला हवे.

कार्ड, आधार आणि शिधापत्रिका भरतीच्या वेळीच दाखवावी. दोन दिवस रोखीने उपचार घेऊन मग कार्ड दाखवले की पूर्वमंजुरी अडकते आणि भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. २०२४ पासून पांढरी शिधापत्रिकाही चालते. अडते ते नावांवर. आधारवर एक स्पेलिंग, शिधापत्रिकेवर दुसरे; नव्या सुनेचे नाव चढवलेलेच नाही. हे घरात सगळे धडधाकट असताना दुरुस्त करून घ्यावे. ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांचे ‘वय वंदना’ कार्ड केवळ आधारवर निघते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी अनामत मागितली तर पावती मागावी आणि १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या टोल-फ्री क्रमांकावर तिथूनच तक्रार नोंदवावी. घरी सोडल्यानंतरच्या दहा दिवसांतील पाठपुरावा आणि औषधेही योजनेत येतात. ती न मागताच रुग्ण घरी जातात, याचे फार वाईट वाटते.

मग रोजच्या आजाराचे काय? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत आणि असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात जुने रिपोर्ट घेऊन जावे. तिथल्या फिजिशियनने औषधे ठरवून दिली की मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिनसारख्या नेहमीच्या गोळ्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घेता येतात. दर महिन्याला जिल्ह्याला खेटे घालायची गरज नाही. आरोग्य केंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर तज्ज्ञांचा सल्लाही मिळतो. घरात कोणी कारखान्यात २१ हजारांपर्यंतच्या पगारावर असेल, तर आधी ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) नोंदणी तपासावी, कारण तिच्यात ओपीडी आणि औषधे दोन्ही आहेत. सुरुवात ठरवून दिलेल्या दवाखान्यातून किंवा पॅनेल डॉक्टरकडून करावी लागते. त्याच्या चिठ्ठीशिवाय थेट मोठ्या रुग्णालयात गेल्यास, तातडीची वेळ सोडली, तर खर्च अंगावर पडतो.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयाने दर्शनी पाटीवर कोणते विभाग योजनेत आहेत ते मराठीत लिहावे, आणि पाटी जुनी झाली की नाही हे योजनेच्या जिल्हा समन्वयकाने तपासावे. ग्रामीण रुग्णालयांत फिजिशियनचे पद रिकामे असेल तर जिल्हा रुग्णालयातील फिजिशियनचा आठवड्यातला एक ठरलेला वार तिथे द्यावा, आणि तो वार ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

— रुग्णांना योजनांचा लाभ मिळवून देण्याचे काम करणारे कार्यकर्ते, सातारा