नैरोबीच्या आया आणि स्टेला न्यांझी

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार. बायकांनी कपडे उतरवून निषेध करणं म्हणजे हतबलतेची शेवटची पायरी, असं तू लिहिलंस. मला ते पटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फेब्रुवारी १९९२. केनियात डॅनियल अराप मोईंची राजवट. राजकीय कैद्यांच्या आया नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये उपोषणाला बसल्या. आमची मुलं सोडा, एवढंच मागणं. पर्यावरणासाठी लढणाऱ्या वंगारी मथाई त्यांच्या सोबत होत्या. ३ मार्चला पोलीस अश्रुधूर आणि लाठ्या घेऊन तुटून पडले, मथाई बेशुद्ध झाल्या. तेव्हा काही वयस्क बायांनी अंगावरचे कपडे काढले आणि पोलिसांसमोर उभ्या राहिल्या. आईच्या वयाच्या बाईने मुद्दाम आपलं उघडं शरीर दाखवणं हा तिकडे घोर शाप मानतात. पोलिसांनी तोंडं फिरवली. या आयांना तिथून हुसकावलं खरं, पण त्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये जाऊन बसल्या आणि जवळजवळ वर्षभर तिथेच राहिल्या. १९९३ च्या सुरुवातीपर्यंत बहुतेकींची मुलं सुटली. याला मी हतबलता कशी म्हणू?

त्याच शहरात २०१४ मध्ये एका तरुणीचे कपडे ‘असभ्य’ ठरवून पुरुषांनी तिला बस थांब्यावर भर गर्दीत विवस्त्र केलं. १७ नोव्हेंबरला बायका मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या. कपडे कुणी उतरवले, यावरच सगळं ठरतं, मेधा.

पण एक गोष्ट मला छळते. शाप देण्याचा हा अधिकार समाज आईला देतो. तोही ती मुलासाठी रडत असेल तर. स्वतःच्या शरीराबद्दल, लैंगिकतेबद्दल मोकळं बोलणाऱ्या बाईचं काय? युगांडाच्या स्टेला न्यांझी मानववंशशास्त्रज्ञ, लैंगिकता हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी निवडणुकीत शाळकरी मुलींना मोफत सॅनिटरी पॅड द्यायचं वचन दिलं होतं. २०१७ मध्ये शिक्षणमंत्री, म्हणजे त्यांच्याच पत्नी जॅनेट, म्हणाल्या की पैसे नाहीत. न्यांझींनी लोकांकडून पॅड गोळा करून वाटले आणि फेसबुकवर मुसेवेनींना थेट ‘ढुंगण’ म्हटलं. एप्रिलमध्ये अटक झाली, ३३ दिवस लुझिरा तुरुंगात काढावे लागले. पुढच्या वर्षी मुसेवेनींच्या आईच्या योनीचा उल्लेख असलेली कविता लिहिली म्हणून पुन्हा अटक. ऑगस्ट २०१९ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा सुनावली जात असताना त्यांनी तुरुंगातून व्हिडिओवर स्तन उघडे केले. फेब्रुवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, पण तोवर त्या बहुतेक शिक्षा भोगून चुकल्या होत्या.

न्यांझींनाही मुलं आहेत. पण त्यांच्यापुढे कुणी तोंड फिरवलं नाही, कारण त्या ‘आई’ म्हणून उभ्या नव्हत्या. भाषा फार घाण, असं चांगले चांगले लोकही म्हणाले. शाळकरी पोरींना पाळीमुळे घरी बसावं लागतं, हे त्यांना तितकं घाण वाटलं नाही. मी न्यांझींच्या बाजूने आहे, त्यांच्या शिव्यांसकट.

तुझी,
वसुधा