धर्माचा रकाना मी स्वतः भरला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'तो' लेख काल दुपारी वाचला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळी चहाच्या आधी हे पत्र लिहायला बसले आहे. लेखकाशी माझं वैर नाही, त्यांची भाषाही सभ्य आहे. पण ख्रिस्ती माणसाची देवावरची निष्ठा एक तर धान्याच्या पोत्यातून आली किंवा बापाकडून वारशाने, स्वतः निवडलेली ती नव्हेच, असं त्यांनी ठासून लिहिलं आहे. हे वाचून गप्प बसणं मला शक्य नाही.

आधी धान्याचं सांगते. होय, माझ्या पणजोबांनी मिशनचं धान्य खाल्लं. १८९९-१९०० चा दुष्काळ होता, घरात लेकरं उपाशी होती. त्याची मला कधीही लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. पण पुढे पाऊस झाला, ज्वारी पिकली, मिशनचं वाटप थांबलं. पणजोबा मात्र ख्रिस्तीच राहिले. गावाने त्यांचं बलुतं बंद केलं, तरीही राहिले. पोत्यासाठी आलेला माणूस पोतं बंद झाल्यावर कशाला थांबेल, एवढं तरी लेखकांनी सांगावं.

आता वारशाचं.

१९७४ साली मी अकरावी पास झाले. बाबा एका दवाखान्यात ड्रेसर होते. कॉलेजात नाव घालायला आम्ही दोघं गेलो. कार्यालयातला कारकून भला माणूस होता. तो हळूच म्हणाला, "दादा, धर्म हिंदू आणि जात महार, एवढंच लिहा. पोरीला शिष्यवृत्ती मिळेल, वसतिगृह मिळेल. रविवारी चर्चला जायला तुम्हाला कोण अडवतंय?" त्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं. बाबांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "शिकायचं तुला आहे. रकाना तू भर."

मला तो भरता आला नाही. फॉर्म घेऊन आम्ही घरी आलो. दोन दिवस तो पत्र्याच्या पेटीवर होता, वाऱ्याने उडू नये म्हणून आईने त्यावर पितळी तांब्या ठेवला होता. 'धर्म' या शब्दापुढची ती ठिपक्यांची ओळ मला आजही दिसते. आई रडत होती, "लिही गं हिंदू, देव काय फॉर्म वाचत बसलाय?" बाबा एक शब्द बोलले नाहीत. मी देवावर चिडले होते. सतरा वर्षांच्या मुलीकडून त्याने एवढं का मागावं?

दुसऱ्या रात्री बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातला तो प्रसंग आठवला. पुष्कळ शिष्य येशूला सोडून निघून जातात. तो त्यांना अडवत नाही. उलट उरलेल्या बारा जणांना विचारतो, तुम्हालाही जायचंय का? हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या रात्री तो प्रश्न मला विचारल्यासारखा वाटला. जायची वाट मोकळी होती, कुणी शाप देणार नव्हतं, चर्चच्या मंडळीत कुणाला कळलंही नसतं. सकाळी उठून मी 'ख्रिस्ती' लिहिलं. 'ख्रि'वर शाई पसरली, तो डाग तसाच राहिला.

देवाने त्याचं बक्षीस दिलं, असं मी सांगणार नाही. शिष्यवृत्ती गेली, वसतिगृह गेलं. बाबांनी सायकल विकली आणि पुढची दोन वर्षं दवाखान्यात चालत गेले. मी आत्याकडे राहिले, तिच्या घरची धुणीभांडी करून कॉलेज केलं, पहिल्या वर्षी दोन विषयही राहिले. पण ते अक्षर माझं होतं. बापाने लिहून दिलेलं नव्हतं आणि मिशनने विकत घेतलेलं तर नव्हतंच.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख बांधवांना आणि १९९० साली बौद्ध बांधवांना तो मिळाला, त्याचा मला आनंदच आहे. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्या भल्या कारकुनाने सुचवलेली वाट आजही कितीतरी घरांपुढे आहे. ती न धरणाऱ्यांना 'पोटासाठी बाटलेले' म्हणायचं, हा कुठला न्याय?

आमच्याकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, तो आईबापांच्या विश्वासावर. मोठं झाल्यावर दृढीकरणाच्या वेळी मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने 'होय' म्हणावं लागतं. माझ्या धाकट्या मुलाने ते अजून म्हटलेलं नाही. तो आता पस्तिशीत आहे. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, पण पाळकसाहेबांकडे कधी ओढत नेलं नाही. तो नाताळला घरी येतो, माझ्या शेजारी बसून गाणी म्हणतो, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी मात्र जागेवरच बसून राहतो. मला वाईट वाटतं. तरी त्याचं 'होय' मी कसं म्हणणार?

लेखात आणखी एक वाक्य आहे, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक नवऱ्यामागे फरपटत गेल्या असं. हे साफ चूक आहे. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं त्या आपल्या मताला धरून राहिल्या. आधी वेगळ्या राहिल्या, मग ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात राहूनही सोवळं पाळलं. मन वळलं ते त्यांचं स्वतःचं. आणि टिळक पगारासाठी गेले म्हणावं, तर १९१७ साली मिशनची नोकरी सोडून देणारेही तेच. एवढी दुरुस्ती तरी आपण छापावी, ही विनंती.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपल्या अंकात गुड फ्रायडेच्या दिवशी पुढाऱ्यांच्या फोटोंसकट 'शुभेच्छा' छापून येतात. तो आमच्या प्रभूच्या मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी आम्ही दुपारी बारा ते तीन देवळात बसतो, क्रुसावरचे सात उद्गार ऐकतो, आणि बाहेर पडताना कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर दोन दिवस थांबून ईस्टरला द्याव्यात. जाहिरात विभागाला एवढं सांगाल का?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अहिल्यानगर