टेस्टची मारुती लावून देणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,

राम राम. लायसन्स हातात पडलं की पोरं पेढे आम्हा शिकवणाऱ्यांना देतात आणि नारळ देवापुढे फोडतात. गाडीचा क्लच कुठल्या मेकॅनिकने लावला होता, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे उघड पत्र. जळगाव, भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव या भागात ज्यांनी पहिली टेस्ट मारुती आठशेवर दिली, त्यांना पांढरी गाडी, ‘एल’ची पाटी आणि डावीकडचे दोन जादा पेडल आठवतात. त्या पेडलांमागचं तुमचं काम त्यांनाही कळायला हवं.

मारुती आठशे डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, १२ इंची चाकं, रुंदी जेमतेम १.४४ मीटर. नवख्याला चारही कोपरे बसल्या जागेवरून कळतात, म्हणून ती शिकवणीत इतकी वर्षं टिकली. पण घरची आठशे आणि शिकवणीची आठशे एकसारखी झिजत नाही. घरची गाडी टॉप गिअरमध्ये पळते. शिकवणीची दिवसभर पहिल्या-दुसऱ्यात, हाफ क्लचवर रांगते, दर दोन मिनिटांनी बंद पडते आणि पुन्हा चावी मारली जाते. क्लचची प्लेट आणि केबल, स्टार्टर आणि बॅटरी यांचं आयुष्य तिथेच संपतं. हे ओळखून तुम्ही गाडी मुरलेल्या ड्रायव्हरच्या पायाला न लावता शिकणाऱ्याच्या पायाला लावलीत. आमच्या मते पास होण्यातला निम्मा वाटा त्या सेटिंगचा आहे.

क्लचचंच घ्या. आठशेचा क्लच केबलवर चालतो. प्लेट झिजत गेली की पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे क्लच काम करायला लागण्याआधी पेडल सैल दबतं तेवढं अंतर, कमी होतो आणि गाडी पेडलच्या अगदी वरच्या टोकाला उचलायला लागते. नवख्याचा पाय तिथवर येईपर्यंत टाच जमिनीवरून सुटलेली असते, पाय थरथरतो आणि गाडी गचका खाऊन बंद पडते. खेळ उरलाच नाही तर प्लेट घसरते: इंजिन ओरडतं, गाडी चढत नाही, जळका वास सुटतो. उलट खेळ जास्त ठेवला तर पेडल तळाला टेकवूनही क्लच पूर्ण सुटत नाही आणि पहिला गिअर करकर करत पडतो. म्हणून तुमचा नियम ठरलेला: हाताने दाबून पाहिल्यावर दोन बोटं मोकळा खेळ, आणि टाच टेकलेली असताना मध्याच्या जरा खाली गाडीने उचललं पाहिजे. केबलच्या टोकाचा नट फिरवायचा, लॉकनट आवळायचा आणि चार-पाचदा पेडल मारून पुन्हा मोजायचं. शेवटची पायरी बहुतेक गॅरेजात गाळली जाते. केबल बसल्यावर माप थोडं सरकतं, हे विसरलं जातं.

केबल तुटते ती बहुतेक पेडलच्या हुकापाशी, आणि त्याआधी सांगून तुटते. पेडल जड होतं, अडकत-अडकत वर येतं, वाकून पाहिलं तर एखाददुसरी तार सुटलेली दिसते. ती दिसली की दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, हे तुम्ही आमच्या डोक्यात पक्कं बसवलंत.

आता डावीकडचे पेडल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या २४व्या नियमाप्रमाणे शिकवणीच्या गाडीला दुहेरी कंट्रोल लागतं. बसवणारे रॉड जोडून मोकळे होतात; त्रास पुढे सुरू होतो. डाव्या पेडलची परतीची स्प्रिंग सैल पडली की ते किंचित दाबलेलंच राहतं. मग उजवीकडे खेळ कितीही बरोबर लावा, क्लच अर्धवट दबलेला असतो आणि रिलीज बेअरिंग (क्लच सोडवताना दाबलं जाणारं बेअरिंग) गुणगुणायला लागतं. ब्रेकच्या बाबतीत याची खूण मागच्या लाल दिव्यात दिसते. पाय काढल्यावरही दिवा जळत असेल तर पेडल पूर्ण परतलेलं नाही, नाहीतर स्विच सरकलाय. दोन्ही पेडलांना वेगळ्या स्प्रिंगा, जोडाच्या पिनेला कॉटर पिन आणि डाव्या बाजूला पायपुसणं नाही, ही तुमची पद्धत. पायपुसणं सरकून ब्रेकखाली गेलं तर शिकवणाऱ्याचा पाय ऐनवेळी आपटून परत येतो. आणि हो, शिकवणाऱ्यानेच क्लचवर पाय ठेवून बसू नये, हेही तुम्ही आम्हाला स्पष्ट सुनावलंत. प्लेट जाळण्यात आमच्या जमातीचा हात शिकणाऱ्यांपेक्षा कमी नाही.

टेस्टमध्ये काय पाहतात ते १५व्या नियमात आहे. आरसा लावणं, गचका न देता उचलणं, गिअर चढवणं-उतरवणं, रिव्हर्स, आणि चढावर थांबून मागे न सरकता पुन्हा निघणं. आपला तापीकाठ सपाट, त्यामुळे चढ शिकवायला रेल्वेचा उड्डाणपूल, नाहीतर चाळीसगाववाल्यांना कन्नडचा घाट. चढावर चार गोष्टी दगा देतात. पहिली, हँडब्रेक. तो मागच्या ड्रमवर चालतो. ड्रमच्या आतल्या शूवरचे लायनर (घासणारं अस्तर) झिजले की लिव्हर वर-वर जातो, आणि नुसती केबल ताणून तो दुरुस्त होत नाही. आधी ड्रम उघडून शू लावायचे, धूळ काढायची, मग केबल. पावसाळ्यात ओढून ठेवलेली केबल गंजून धरून बसते, म्हणून रात्री गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. दुसरी, इंजिनाचं फाटलेलं माउंटिंग, म्हणजे ज्या रबरावर इंजिन बसतं ते. हाफ क्लचवर गाडी थडथडते आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. तिसरी, सीटची पट्टी. खाच नीट बसली नसेल तर चढावर क्लच दाबताच सीट मागे सरकते आणि पाय पेडलवरून सुटतो. सीट लावल्यावर ती ढकलून पाहायची सवय प्रत्येक बॅचला लावावी लागते ती यासाठीच. चौथी, स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग. कार्बोरेटरच्या गाडीचा स्लो मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास असावा. शिकवणीला तुम्ही तो थोडा वर ठेवता, म्हणजे नुसता क्लच सोडला तरी गाडी रांगते. फार वर नेला तर रिव्हर्समध्ये ती नवख्याच्या हातून पळते.

रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर जुळताना वेग सारखा करणारी रचना) नसतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन सेकंद थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही. तुमचं “दम धर, मंग टाक” आता आमच्या सगळ्या गाड्यांत चालतं. गिअरच्या दांड्याचे नायलॉन बुश झिजले की दांडा डुलतो आणि पहिल्याच्या जागी तिसरा पडतो. निरीक्षक शेजारी बसल्यावर हे झालं की गाडी हमखास बंद. बुशचा खर्च किरकोळ आहे.

उन्हाळा आपल्याकडचा. मे महिन्यात पारा ४५च्या घरात आणि गाडी ताशी दहा किलोमीटरने रांगणारी. समोरून वारा मिळत नाही, रेडिएटर एकट्या पंख्यावर. पंख्याचा स्विच गेला की तापलेली गाडी टेस्टच्या रांगेतच उभी राहते. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची वाफ होऊन इंजिनाचा पंप पेट्रोल उचलत नाही, तेव्हा त्या पंपावर ओलं फडकं टाकून पाच-दहा मिनिटं बोनेट उघडं ठेवायचं. स्टार्टर मारत बसलं तर बॅटरीच उतरते. काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या हंगामातला भुसका एअर फिल्टरमध्ये साचतो. हवा कमी, पेट्रोल जास्त, काळा धूर आणि सिग्नलवर बंद. दर आठवड्याला फिल्टर आतून बाहेर हवेने झटकायचा, एवढंच.

नापास झालेल्याला पुन्हा यायला सात दिवस थांबावं लागतं, आणि तीनदा नापास झालं तर साठ दिवस. रोजावर जाणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. ढिल्या बुशमुळे किंवा उंच क्लचमुळे कुणाची टेस्ट जाऊ नये, म्हणून तुम्ही टेस्टच्या सकाळी गाडीखाली वाकून बघता. त्याचे मनापासून आभार.

एकच तक्रार. त्या सकाळच्या तपासणीचे पैसे तुम्ही बिलात कधी लावत नाही. या महिन्यापासून लावा. केबलचे दोन नग आणि स्प्रिंगा आणून ठेवल्या आहेत, सोमवारी गाडी पाठवतो.

आपले,
जळगाव परिसरातले गाडी शिकवणारे