इंजेक्शनच्या आधी बोला

संपादक महोदय,

'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि 'छाया' या गर्भनिरोधक गोळ्या २०१७ मध्ये सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात आल्या. मोफत आहेत, चांगल्या आहेत. तरीही पहिले इंजेक्शन घेतलेल्या कितीतरी जणी दुसऱ्यासाठी फिरकत नाहीत. दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो. आधी काही सांगितलेलेच नसते.

अंतरा घेतल्यावर सुरुवातीला मधूनच डाग पडतात, अंगावरून जाते. पुढे बऱ्याच जणींची पाळी थांबते. बाई घाबरते. दिवस गेले असतील, नाहीतर 'पोटात रक्त साचतंय', असे घरचेही म्हणू लागतात. खरे तर गर्भाशयाचे अस्तरच पातळ होते, साचायला काही उरत नाही. हे इंजेक्शनच्या आधीच सांगायला हवे. नंतर सांगितले की सारवासारव वाटते.

टोचलेली जागा चोळायची किंवा शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषले जाऊन परिणाम कमी पडतो. पुढचा डोस ३ महिन्यांनी; पण तारखेच्या २ आठवडे आधीपासून ४ आठवडे नंतरपर्यंत तो देता येतो, म्हणून थोड्या उशिराने आलेल्या बाईला परत पाठवू नये. बंद केल्यावर दिवस राहायला ७ ते १० महिने लागू शकतात. लवकरच मूल हवे असलेलीला हे कळलेच पाहिजे.

छायाची गल्लत वेगळी. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो रविवार असेल तर ३ महिने दर रविवारी आणि बुधवारी, त्यानंतर फक्त रविवारी. रोज घ्यायच्या माला-एन गोळीची सवय असलेली बाई छायाही रोज घेऊ लागते. पाकिटावर वारांना खूण करून द्यावी आणि 'कधी घ्यायची?' हे तिच्याच तोंडून ऐकावे.

बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवता येते, पण त्याची संमती कळा सुरू असताना मागणे अन्यायाचे आहे. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत, सासूला बाहेर बसवून, विचारावे. तांबी काढायला आलेल्या बाईलाही टोलवू नये. काढून द्यावी आणि दुसरे साधन सुचवावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, तर पुरुष नसबंदी अवघी ०.३ टक्के. पाळणा लांबवण्याची साधने अशी मध्येच सुटली की बाईपुढे शस्त्रक्रियाच उरते. आरोग्य विभागाने निदान पहिल्या इंजेक्शननंतरच्या महिन्यात आशाताईंची एक गृहभेट सक्तीची करावी आणि तिचा मोबदलाही द्यावा.

– कुटुंब नियोजन समुपदेशक