वाटा निम्मा, वही मालकाची

संपादक महोदय,

गुलामगिरी संपल्यानंतरच्या अमेरिकेवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख आवडला. मात्र ‘मुक्त झालेले लोक निम्म्या वाट्याने शेती करू लागले’ एवढ्यावर लेखकाने विषय आटोपला. आमच्या यवतमाळकडे अशी वाट्याची शेती, म्हणजे बटई, आजही चालते, त्यामुळे वाचणाऱ्याला हा व्यवहार सरळच वाटणार. मी शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीत गटसचिव होतो, पीककर्जाच्या नोंदी करण्यात हयात गेली. माझी नजर वाट्याआधी वहीकडे जाते.

१८६५ मध्ये गुलामांची सुटका झाली, जमीन काही मिळाली नाही. दक्षिण किनाऱ्यालगत काही कुटुंबांना ४० एकरांपर्यंतचे तुकडे दिले होते, तेही अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत करायला लावले. मग खेचर मालकाचे, नांगर मालकाचा, बी मालकाचे. मक्याचे पीठ, खारवलेले मांस, काकवी हे सगळे दुकानातून उधार, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. तारण म्हणून उभे पीक. तेही कापसाचेच हवे, कारण विकून पैसा होतो तो कापसाचा. डिसेंबरात हिशेब. वजन करणारा, कापूस विकणारा, भाव सांगणारा आणि वही लिहिणारा बहुतेक वेळा एकच माणूस! बाकी निघाली की पुढच्या सालावर ओढली. आमच्यात असे कोणी केले असते तर ऑडिटरने त्याला घरी बसवले असते.

अमेरिकेच्या अर्कान्सा राज्यातल्या फिलिप्स काउंटीत १९१९ मध्ये कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांनी संघटना बांधली. मागणी कर्जमाफीची नव्हती. कापूस काय भावाने गेला आणि उधारी कशाकशाची, याचा कलमवार हिशेब त्यांना हवा होता. त्यासाठी वकील गाठायचे ठरले. ३० सप्टेंबरच्या रात्री एलेन गावाजवळच्या चर्चमध्ये सभा चालू असताना बाहेर गोळीबार झाला, त्यात एक गोरा मेला. त्यानंतर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्या आल्या, लष्करही आले. किती कृष्णवर्णीय मारले गेले यावर अजून एकमत नाही. काही अंदाज शेकड्यांत आहेत. देहदंडाची शिक्षा मात्र १२ जणांना ठोठावली गेली, तीही वाटेकऱ्यांनाच. १९२३ मध्ये त्यांतल्या सहा जणांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि पुढे सगळेच सुटले.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १८७५ मध्ये कुणब्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या कायद्याने सावकाराला पावती आणि हिशेब देणे भाग पाडले. पुरवणीत जागा असेल तर हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवून एक लेख अवश्य छापावा. लेखक मात्र जमाखर्च कळणारा असावा, ही विनंती.

— एक निवृत्त गटसचिव, दारव्हा, जि. यवतमाळ